खोडी, खटपट आणि छडी

मराठी बालकथेत वात्रट पोरांचा तोटा कधीच नव्हता. गुरुजींच्या खुर्चीवर खाजकुयली टाकणारी, फळ्याला मेण फासून खडू घसरवणारी, दप्तरातून बेडूक आणणारी पोरे आपण सर्वांनी वाचली आहेत. आणि खरे सांगायचे तर त्यांच्यापैकी काही आपल्याच बाकावर शेजारी बसलेलीही आहेत. अशी गोष्ट वाचून हसू येते, पुस्तक मिटते, आणि साहित्याचे अभ्यासक तिला 'बालवाङ्मय' नावाच्या खणात टाकून गंभीर विषयांकडे वळतात. माझ्या मते त्या खणात एक चांगला गंभीर प्रश्न पडून राहिला आहे. खोडकर पोरांनी एखादे यंत्र, एखादी युक्ती, एखादा 'शोध' लावायला घेतला, तर त्या गोष्टीचा शेवट कसा करावा, हा तो प्रश्न. लेखक शेवट कसा करतो यावरून तो मुलांकडे, चुकीकडे आणि ज्ञानाकडे कोणत्या नजरेने पाहतो ते कळते.

अशा गोष्टीचा साचा ठरलेला आहे. तीन-चार पोरे एकत्र येतात. त्यांतल्या एकाच्या डोक्यात कल्पना येते. भंगारातून सामान जमते. यंत्र तयार होते, क्षणभर चालते, आणि मग फुटते, पेटते किंवा मुख्याध्यापकांच्या अंगावर पडते. त्यानंतर छडी, अंगठे धरून उभे राहणे, घरी वडिलांचा मार आणि 'पुन्हा असे करणार नाही' ही कबुली. वाचकाला हसवायचे काम यंत्राने केले, आता शिकवायचे काम छडीने करायचे, अशी ही कामाची वाटणी आहे.

साचा आपलाच आहे असेही नाही. १८६५ साली जर्मनीत विल्हेल्म बुश याने माक्स आणि मोरित्झ या दोन वात्रट मुलांची सचित्र पद्यकथा प्रसिद्ध केली. सात खोड्या, एकीपेक्षा एक गमतीदार. त्यांपैकी एकीत तर ही पोरे गुरुजींच्या चिलमीत बंदुकीची दारू भरून ठेवतात! आणि शेवट? दोघांना पिठाच्या गिरणीत दळून काढतात आणि त्यांचा भरडा बदके खाऊन टाकतात. गावात कुणाला वाईट वाटत नाही. बुश याने हा शेवट गावकऱ्यांच्या उपरोधासाठी केला असेल, पण पुढच्या कित्येक बालकथांनी उपरोध सोडला आणि गिरणी तेवढी ठेवली.

आपल्याकडची परंपरा एवढी क्रूर नाही. साने गुरुजींचे 'श्यामची आई' १९३५ साली प्रसिद्ध झाले. त्यातला श्याम चुकतो, रडतो आणि आईच्या मायेने शहाणा होतो. त्या पुस्तकाची थोरवी मी कमी करू पाहत नाही. परंतु त्याचे अनुकरण करणाऱ्यांनी आईची माया बाजूला ठेवून फक्त पश्चात्ताप उचलला, आणि प्रत्येक खोडीच्या शेपटाला अश्रूंची गाठ मारली. या अश्रूंतून बालकथेला बाहेर काढणारे लेखक आपल्याकडे झाले हे भाग्यच. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या खोडकर असूनही मनाने सरळ राहिला, त्याच्यासाठी उपदेशाचे वेगळे प्रकरण लिहावे लागले नाही. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे, म्हणजेच फास्टर फेणे, हा तर आपल्या पुणे जिल्ह्यातलाच, फुरसुंगीचा. सायकलवर टांग मारून तो निघाला की 'ट्टॉक' असा आवाज काढणार आणि संकट ओढवून घेणार! द. मा. मिरासदार हे स्वतः अध्यापक. त्यांनी शाळेतल्या पोरांच्या बनेलपणाकडे इतक्या समजूतदार मिस्किलपणे पाहिले की छडी हातात असलेले मास्तरही त्यात हास्यास्पद ठरले.

तरीही एक उणीव राहिली असे मला वाटते. फेणेची हुशारी प्रसंगावधानाची आहे, गोट्याची माणुसकीची, मिरासदारांच्या पोरांची बोलण्याची. ज्या भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या कथा मराठीत आणून मुलांना चंद्रापर्यंत नेले, त्यांच्याही मानसपुत्राची कीर्ती आहे ती धावण्याची आणि चोर पकडण्याची. हाताने वस्तू घडवणारा, ती बिघडली की का बिघडली म्हणून डोके खाजवणारा खोडकर पोरगा आपल्या बालकथेचा नायक क्वचितच झाला. आणि जेव्हा झाला तेव्हा त्याचे यंत्र लेखकाने हसण्यापुरते वापरून फेकून दिले.

हे यंत्र फेकून देणे ही माझी मुख्य तक्रार आहे. ती स्पष्ट करण्यासाठी एक गोष्ट रचून पाहू. गोष्ट पूर्णपणे काल्पनिक, पण गाव खरे घेऊ: दौंड तालुक्यातले भांडगाव. पुणे-सोलापूर रस्त्यावर यवत ओलांडून पुढे गेले की हे गाव लागते. तुकोबांची पालखी यवतचा मुक्काम हलवून वरवंडकडे निघते ती याच वाटेने. भोवती उसाचा मुलूख आहे. या भागातल्या पोराने चरक पाहिलेला असतो, काहिलीशेजारी उभा राहून गुळव्या कोणत्या क्षणी 'उतरवा' म्हणतो हे पाहिलेले असते, विहिरीवरची मोटर का चालत नाही यावर मोठ्या माणसांचा वाद ऐकलेला असतो. ज्वारीच्या चिपाडांची आणि बाभळीच्या काट्यांची बैलगाडी तर त्याने अक्षरओळखीच्या आधीच केलेली असते. 'शोध लावणारी पोरे' शोधायला यापेक्षा वेगळ्या गावी जायचे कारण नाही.

तर समजा, भांडगावातल्या एका शाळेत तीन पोरांनी घंटा दहा मिनिटे आधीच बडवली. घंटा म्हणजे अर्थात झाडाला टांगलेला रुळाचा तुकडा. त्याबद्दल मुख्याध्यापकांनी मोठी विचारपूर्वक शिक्षा दिली: आठवडाभर सगळ्या घंटा याच तिघांनी वेळेवर द्यायच्या. आळसासारखा दुसरा संशोधक नाही. दर चाळीस मिनिटांनी उठून जाण्याचा कंटाळा आल्यामुळे तिघांनी आपोआप वाजणारी घंटा करायचे ठरवले. पोषण आहाराच्या खोलीमागे गोडेतेलाचा रिकामा पत्र्याचा डबा पडला होता. त्याच्या बुडाला दाभणाने भोक पाडले. डब्यात पाणी, पाण्यावर लाकडाचा ठोकळा, ठोकळ्याला दोरी, दोरीला चार गाठी. पाणी उतरेल तसा ठोकळा उतरणार, एकेक गाठ खुंटीशी येणार, खुंटी निसटणार आणि दगड रुळावर आदळणार. मधल्या सुट्टीआधी चाळीस-चाळीस मिनिटांचे चार तास, म्हणजे १६० मिनिटे. रविवारभर बसून, भोक कधी मेणाने बुजवून तर कधी दाभणाने मोकळे करून, पोरांनी भरलेला डबा बरोबर १६० मिनिटांत रिकामा होईल अशी सोय केली. डब्यातले पाणी सोळा बोटे उंच. चार तासांना चार-चार बोटे, म्हणून गाठीही चार-चार बोटांवर. हिशेब चोख!

सोमवारी पहिला तास गणिताचा. गुरुजी उदाहरण फळ्यावर लिहून मागे वळतात तोच घंटा होते. एकवीसच मिनिटे झालेली. मुख्याध्यापक मनगटावरचे घड्याळ कानाला लावून पाहतात. दुसऱ्या तासाला मराठीच्या बाई कवीच्या जन्मगावापर्यंत पोचतात आणि पंचवीस मिनिटांत पुन्हा घंटा. पोरांची छाती फुगलेली. सगळ्यांच्या खिशात मोबाईल आहेत, पण शाळा कशावर चालते? घंटेवर. तिसरा तास तेहतीस मिनिटांचा. आणि चौथा? चौथा तास नागरिकशास्त्राचा. तो संपता संपत नाही. चाळीस मिनिटे होतात, पन्नास होतात, साठ होतात. खिचडीचा वास वर्गात येतो. पोटात कावळे ओरडू लागतात. ग्रामपंचायतीची कर्तव्ये दोनदा सांगून होतात. घंटा काही वाजत नाही, आणि हे तिन्ही संशोधक त्याच वर्गात, त्याच बाकावर, स्वतःच्या यंत्राने कोंडलेले. पूर्ण ऐंशी मिनिटांनी दगड रुळावर पडतो.

इथे लेखकापुढे दोन वाटा आहेत. पहिली वाट छडीची. मुख्याध्यापक डबा शोधून काढतात, लाथेने उडवतात, पोरांना शासन होते, कथा संपते. वाचणारे मूल काय शिकते? डबा सापडू देऊ नये, एवढेच.

दुसरी वाट डब्याची. शिक्षा डब्याने आधीच केलेली आहे. ऐंशी मिनिटे नागरिकशास्त्र ऐकून भुकेने कळवळणे ही शिक्षा कोणत्याही छडीपेक्षा न्याय्य, आणि गमतीची गोष्ट म्हणजे ती गणिताने ठरवलेली. मग उरतो प्रश्न: असे झाले का? चौघा तासांना सारखी बोटे दिली असताना पहिला तास एकवीस मिनिटांचा आणि शेवटचा ऐंशी मिनिटांचा कसा? हा प्रश्न पोरांना पडला की गोष्ट संपत नाही. खरी सुरू होते. समजा, त्याच वर्गातली एक मुलगी म्हणते, "त्यात काय? टाकी भरलेली असली की नळाला जोरात धार येते, आणि टाकी संपत आली की कळशी भरता भरत नाही." ज्या पोरांनी घरी कधी पाणी भरले नव्हते त्यांना हे माहीत नव्हते, जी रोज भरते तिला माहीत होते. आता पुढच्या रविवारी डबा पुन्हा भरायचा, आणि या वेळी बोटे मोजून गाठी न मारता, घड्याळ लावून दर चाळीस मिनिटांनी पाण्याच्या पातळीवर खूण करायची. खुणा येतात त्या अशा: पहिल्या तासाला सात बोटे, दुसऱ्याला पाच, तिसऱ्याला तीन, चौथ्याला एक. सात, पाच, तीन, एक. बेरीज सोळा. घंटा आता वेळेवर वाजणार.

या चार आकड्यांत मी काही चमत्कार घुसडलेला नाही. सरळ भिंतींच्या भांड्यातून बुडाच्या भोकावाटे पाणी वाहू लागले की ते याच विषम संख्यांच्या प्रमाणात उतरते. पाण्याच्या उंचीचा आणि धारेच्या वेगाचा संबंध इटलीच्या टॉरिचेलीने १६४४ साली मांडला. त्याचे गुरू गॅलिलिओ यांनी १६३८ च्या ग्रंथात खाली पडणाऱ्या वस्तूबद्दल एक, तीन, पाच, सात हेच आकडे दिले होते. आणि ते प्रयोग करताना वेळ मोजायला त्यांच्यापाशीही भांड्यातून वाहणारे पाणीच होते, ते ते तोलून पाहत. आपल्याकडे लग्नाचा मुहूर्त साधायला पाण्यात सोडायचे घटिकापात्र, ज्याच्या बुडण्याने चोवीस मिनिटांची एक घटका मोजली जाई, तेही भोकाच्या भांड्याचेच भावंड. एवढी मोठी माणसे त्या तेलाच्या डब्यात बसलेली असताना त्याला लाथ मारून गोष्ट संपवणे हा निव्वळ उधळेपणा आहे.

यावर प्राध्यापकवर्गातून एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. विनोदी गोष्टीत टॉरिचेली आणला की विनोद मरतो. गोष्टीचा पाठ होतो. उपदेशाची छडी काढून तिच्या जागी विज्ञानाची छडी आणली इतकेच. मला हा धोका मान्य आहे. म्हणूनच गोष्टीत टॉरिचेलीचे नावही येता कामा नये. मी ते या लेखात सांगितले. गोष्टीत सांगणार नाही. गोष्टीत हवी ती कंटाळलेली पोरे, खिचडीचा वास आणि कळशी भरणारी मुलगी. यंत्राचा नियम हा गोष्टीच्या आत, कण्यासारखा असावा. तो दिसू नये, पण त्याच्यावाचून गोष्ट उभी राहू नये. उलट मी असे म्हणेन की नियम खरा असल्यामुळेच विनोद चांगला होतो. चौथा तास लेखकाच्या लहरीने लांबला असता तर आपण थोडे हसलो असतो. तो लांबणे भागच होते हे जेव्हा कळते तेव्हा आपण दुसऱ्यांदा हसतो, आणि हे दुसरे हसू जास्त टिकते.

असे लिहिता येते याचा पुरावाही आहे. सोव्हिएत लेखक निकोलाय नोसोव याने १९४९ साली दोन शाळकरी मित्रांची एक कथा लिहिली. मिश्का आणि कोल्या ही ती पोरे. कोंबडीवाचून पिल्ले काढायची म्हणून ती घरीच अंडी उबवण्याची पेटी करतात. कोंबडीच्या अंड्याला एकवीस दिवस लागतात. एकवीस दिवस पेटीतली ऊब कमीही होऊ द्यायची नाही आणि जास्तही! मग रात्री जागणे, एकमेकांवर खेकसणे, वर्गात पेंगणे आणि मार्क घसरणे हे ओघानेच आले. शेवटी वर्गातली बाकीची मुले पाळ्या लावून मदतीला येतात. पानोपानी हसू आहे, आणि तरीही अंड्यातून चोच बाहेर येण्याची वाट वाचकही त्या पोरांइतक्याच उत्कंठेने पाहतो. नोसोवने पोरांना वात्रटही ठेवले आणि त्यांची पेटी चालूही दिली. दोन्ही एकाच गोष्टीत. मराठीत हे होऊ नये असे काय आहे?

दुसरा आक्षेप पालकांचा. अशा गोष्टींनी पोरे बिघडतील, विजेच्या तारांना हात लावतील, हातपाय मोडून घेतील. काळजी खोटी नाही. पण पोरे गोष्ट वाचल्यामुळे खटपट करतात हा समजच मुळात उलटा आहे. खटपट ती करतातच, आणि चोरून करतात. धोका असतो तो चोरून करण्यात. ज्या गोष्टीच्या शेवटी छडी असते ती गोष्ट मुलाला सांगते, 'मोठ्यांना कळू देऊ नकोस.' ज्या गोष्टीत गुरुजी डब्यापाशी उकिडवे बसून 'पुन्हा भरा पाहू' म्हणतात, ती सांगते, 'अडलास तर विचार.' दोहोंतली सुरक्षित गोष्ट कोणती हे पालकांनीच ठरवावे.

हे सारे कागदावरचे मनोरे नाहीत. दौंडच्या शेजारच्याच शिरूर तालुक्यात पाबळ हे गाव आहे. तिथे १९८३ साली डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. मुंबईतल्या मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून हा शास्त्रज्ञ अवर्षणग्रस्त गावात येऊन राहिला, तो एका साध्या विचारापायी: हात काम करू लागले की डोके शिकू लागते. शाळेत 'नापास' शिक्का बसलेली, बाकावर स्वस्थ न बसणारी पोरे तिथे वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम, शेती आणि विजेची कामे करता करता शिकू लागली. नुसती सरावाची कामे त्यांनी केली नाहीत; गावाला उपयोगी पडणारी कामे केली. पाबळचे घुमटाकार घर आणि तिथे घडलेला छोटा ट्रॅक्टर यांची नावे पुढे लांबवर गेली. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या कल्पनेतून निघालेली 'फॅब लॅब' नावाची कार्यशाळा २००२ साली तिथे उभी राहिली, ती जगातल्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक. कालबाग २००३ साली गेले. काम थांबले नाही. ज्याला आपण 'उनाड' म्हणतो आणि ज्याला 'कारागीर' म्हणतो ते बहुधा एकच पोरगे असते. मधला फरक इतकाच, की एकाच्या हातात कुणी पाना दिला, दुसऱ्याच्या हातावर कुणी छडी दिली.

कायद्याने आपले काम केले आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतल्या शारीरिक शिक्षेला मनाई केली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने मुलांनी सहावी ते आठवीच्या काळात केव्हातरी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांपाशी घालवावेत असे सुचवले. म्हणजे वर्गातली छडी कागदोपत्री तरी गेली, आणि सुताराचा रंधा शाळेच्या उंबरठ्यापर्यंत आला. मात्र गोष्टीतली छडी अजून जिथल्या तिथे आहे. ती काढायला कायदा उपयोगाचा नाही. ती लेखकांनाच काढावी लागेल.

आणि लेखक म्हणजे कोण? कला शाखेतल्या आपल्यासारख्यांना वाटते, यंत्र हा विषय पलीकडच्या इमारतीतल्या विज्ञानवाल्यांचा. पण गोष्ट लिहिण्याचे काम आपलेच आहे. आपल्यातले कितीतरी जण दोन-चार वर्षांत शिक्षक होतील, कुणी लिहितील, बहुतेक सगळे आई-बाप होतील. त्या प्रत्येकापुढे केव्हातरी भोक पाडलेला एखादा डबा येणारच. त्या वेळी आपण काय म्हणू हे बऱ्याच अंशी लहानपणी वाचलेल्या गोष्टींनी ठरलेले असते. दर वर्षी महाविद्यालयांच्या वार्षिकांकांत प्रेमभंगाच्या कवितांचे पीक भरघोस येते. त्याबद्दल माझी तक्रार नाही, तो ऋतूच तसा असतो. पण त्या पिकाच्या बांधावर एखादी खोडकर पोरांची गोष्टही उगवू द्यावी. तीत पोरांचे यंत्र बिघडावे, जरूर बिघडावे, त्याशिवाय हसू कसे येणार? मात्र बिघडल्यावर ते कुणी फेकून देऊ नये. पोरांनी ते पुन्हा भरावे, पुन्हा मोजावे, आणि ज्या कुणी कळशी भरताना पाण्याची धार बारीक होताना पाहिली असेल त्या मुलीचे म्हणणे ऐकून घ्यावे. गुरुजींना छडी शोधावीशी वाटलीच तर ती सापडू नये. दोरी अडकवायला खुंटी कमी पडली म्हणून पोरांनी ती आधीच मोडून वापरलेली असावी.